‘परत’ एवढंच लिहायचं

“काकू, एक विचारू? या बेडवर कोणी… म्हणजे, कोणी गेलेलं नाही ना?”

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक मुलगा नाहीतर जावई. पावती फाडून झालेली असते, बाहेर छोटा हत्ती उभा असतो, ड्रायव्हर घाई करत असतो आणि तेवढ्यात घरून सांगून पाठवलेलं त्याला आठवतं. स्वतःलाच लाज वाटत असते, म्हणून आवाज खाली येतो.

मी सांगते, “आम्ही तसं काही लिहून ठेवत नाही हो.”

यात थाप नाही. आम्ही खरंच लिहून ठेवत नाही.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बसते. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की अजून कुबट पिठाचा वास येतो. आत व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड, खोक्यात घालून ठेवलेले एअरबेडचे पंप आणि भिंतीला टेकवलेले फाउलर बेडचे, म्हणजे हँडल फिरवून वर-खाली होणाऱ्या दवाखान्यातल्या खाटांचे, सांगाडे. बाहेर पाटी आहे ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’, पण लोक आम्हाला ‘ते वॉकरवाले’ म्हणतात. अशी केंद्रं आपल्याकडे गावोगावी आहेत. कुठे देवळाच्या बाजूला, कुठे वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या कपाटात. घरात कोणी पडेपर्यंत ती दिसत नाहीत इतकंच.

मलाही दिसलं नव्हतं. कल्याणला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, सकाळी गाडी पकडायची, संध्याकाळी येताना भाजी घ्यायची. त्या गाळ्यावरून मी कितीतरी वर्षं रोज गेले असेन. २०१२ मध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. तीन आठवड्यांत माकडहाडापाशी कातडी लाल झाली. ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, “ताई, आजच्या आज एअरबेड आणा. उद्या जखम झालेली असेल.” दुकानात किंमत विचारली आणि मी तशीच बाहेर आले. औषधांच्या दुकानातल्या पोऱ्याने मला त्या गाळ्याकडे बोट दाखवलं.

काउंटरवर काका बसले होते. (त्यांना सगळे काकाच म्हणतात, म्हणून मीही नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचंही नाही.) त्यांनी सासूबाईंचं नाव, वय, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं लिहून घेतलं, डिपॉझिट घेतलं आणि मग पंधरा मिनिटं मला एअरबेड शिकवला. गादीला फुगे असतात. पायथ्याशी पंप टांगायचा, दोन नळ्या जोडायच्या. एका वेळी निम्मे फुगे भरतात आणि निम्मे बसतात, काही मिनिटांनी उलट होतं, त्यामुळे एकाच जागी हाडावर भार राहत नाही. वर एकच पातळ चादर घालायची. “माया म्हणून गोधडी घालाल तर गादी असून नसल्यासारखी,” काका म्हणाले. “आणि साडीला पिन लावून त्यांच्या अंगावर वाकू नका. एक पिन, एक फुगा.” दर दोन तासांनी कूस बदलायचीच, एअरबेड आला म्हणून ते काम सुटत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मी घरी जाऊन गादी घातली, ती उलटी. फुगे खाली, सपाट बाजू वर. रात्री दहा वाजता फोन केला तर काका चपला घालून स्वतः आले.

सासूबाई चौदा महिन्यांनी गेल्या. तेराव्यानंतर मी गादी पुसून, घडी करून, नळ्या वेगळ्या गुंडाळून परत नेली. काकांनी पंप लावून बघितला, रजिस्टर उघडलं आणि आमच्या ओळीच्या शेवटी एकच शब्द लिहिला, ‘परत’. पुढे तारीख. मग ड्रॉवर उघडून डिपॉझिटचे पैसे माझ्यापुढे ठेवले. मी म्हटलं, “राहू द्या काका, देणगी समजा.”

“आधी हातात घ्या,” ते म्हणाले. “देणगी द्यायची तर महिन्याभराने या. मी वेगळी पावती करीन.”

तेव्हा मला ते जरा कोरडं वाटलं. आता मी तिथे बसते आणि अक्षरशः हेच करते. माणूस गेल्यावर घरातले आठ-पंधरा दिवस फार उदार असतात. सगळं देऊन टाकावंसं वाटतं. मग दवाखान्याचं राहिलेलं बिल येतं, गावाकडचं कार्य निघतं, आणि त्या पाच हजारांची आठवण येते. तेव्हा परत मागायला कोण येणार?

मी नोकरी सोडली ती ३१ जानेवारी २०२० ला. स्वेच्छानिवृत्तीत बीएसएनएलमधले ७८ हजारांहून जास्त लोक त्या एका दिवशी घरी बसले, त्यातली मी एक. एक महिना छान वाटलं. मार्चअखेर सगळं जगच घरी बसलं आणि माझ्या निवृत्तीची मजाच गेली. त्या वर्षी पावसाळ्यात काकांचा फोन आला. काउंटरवर बसणारे दोघे पंच्याहत्तरीच्या पुढचे होते, त्यांची मुलं त्यांना बाहेर सोडत नव्हती. “तुम्ही फोनखात्यातल्या ना? मग फोन तरी करा आमच्यासाठी.” थकलेल्या वस्तूंची यादी त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवली. ‘थकलेल्या’ म्हणजे मुदत संपूनही परत न आलेल्या. हा काकांचा बँकेतला शब्द, ते निवृत्त बँकवाले.

मला वाटलं, यात काय आहे. छत्तीस वर्षं मी हेच केलं होतं. १९७ वर नंबर विचारणारे, १९८ वर फोन बंद म्हणून शिव्या घालणारे. पहिलाच फोन मी असा केला: “नमस्कार, तुमच्याकडचा वॉकर परत कधी करताय?” पलीकडे एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “आजच दहावं आहे.” मला पुढे काय बोलायचं ते सुचेना. दुसऱ्या फोनला मी हुशारीने सुरुवात बदलली, “आजोबा कसे आहेत आता?” तेही गेलेले.

मग मी एक पद्धत बसवली. “मी साहित्य केंद्रातून बोलतेय,” एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. ऑपरेटरला गप्प बसणं जड जातं, पण जमतं. दोन-तीन सेकंदांत समोरचं माणूस आपणहून सांगतं. “अहो हो, बाबा आता चालतात, वॉकर गॅलरीत आहे, आणतो.” किंवा नुसतं, “हो… आणून द्यायचंय आम्हाला.” ज्या वाक्यात रुग्णाचा उल्लेख नसतो तिथे काय झालं ते मला कळतं. मग मी म्हणते, “सवडीने आणा, घाई नाही,” आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने एक महिना पुढची तारीख टाकते. काही वेळा वॉकरवर टॉवेल वाळत असतात, तेही आवाजावरून कळतं. त्यांना मात्र मी सवड देत नाही.

रजिस्टरवरून माझं आणि काकांचं एकदा चांगलं वाजलं. सगळा हिशोब मी संगणकावर घेतला तेव्हा एक रकाना वाढवला, ‘परत येण्याचं कारण’: बरे झाले, दवाखान्यात हलवले, गावी नेले, निधन. किती लोक बरे होतात, किती दिवस वस्तू लागते, पुढच्या वर्षी काय विकत घ्यावं, सगळं समजलं असतं. देणगीदारांना दाखवायलाही बरं. काकांनी कागद बघितला आणि तो रकाना पेनाने खोडला.

“अहो काका, माहिती आहे ही.”

“माहिती आहे म्हणूनच. उद्या सात नंबरचा बेड देताना तुमची नजर त्या रकान्यात जाईल. मग तुमचं तोंड बघून समोरच्याला कळेल.”

मी वाद घातला. म्हटलं, लोकांचा खुळेपणा आपण का जपायचा? लोखंडाला काय कळतं कोण गेलं आणि कोण उठलं? काका म्हणाले, लोखंडाला कळत नाही, पण रात्री त्या बेडशेजारी सतरंजी टाकून झोपणाऱ्या मुलीला कळतं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. खरेदीचा अंदाज आम्ही अजून डोक्यानेच बांधतो आणि दर वर्षी चुकतो. पण रकाना नाही तो नाहीच. म्हणून त्या प्रश्नाला मला खरं उत्तर देता येतं.

फुकट का देत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. वॉकरला महिना पन्नास रुपये, व्हीलचेअरला दीडशे, बेडला सहाशे, अशी आमची भाडी. त्यातून गाळ्याचं लाइटबिल आणि दुरुस्ती निघते, पण कारण तेवढंच नाही. काकांच्या बायकोवर परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालले होते तेव्हा ही दोघं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली होती. राज्यभरातून, राज्याबाहेरूनही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे नाममात्र पैशांत राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीही १९६८ पासून रुग्णांची आणि सोबत आलेल्यांची अशीच सोय करते. काका सांगतात, धर्मशाळेत शेजारी विदर्भातला एक शेतकरी होता, बायकोला घेऊन आलेला. तो रोज सकाळी उठला की पहिल्यांदा त्या दिवसाचे पैसे भरून यायचा, पावती घडी करून टोपीत ठेवायचा, मग चहा. पैसे थोडेच, पण कोणी विचारलं तर तो म्हणायचा, “खोली भाड्याने घेतलीय.” काका डोंबिवलीला परत आले ते एकटे. बायकोसाठी घेतलेली व्हीलचेअर घरात होती. तीच आमची एक नंबरची व्हीलचेअर. अजून चालते, दोन वेळा चाकं बदलली.

भाडं माफ करायचा अधिकार काउंटरवर बसणाऱ्याला आहे, आणि आम्ही तो वापरतो. पण पावतीवर आकडा लिहायचाच, ‘शून्य’ नाही. पैसे कुठून भरले ते पावतीवर येत नाही.

आता माझी एक चूक सांगते, नाहीतर आम्ही सगळे देवमाणसं असल्यासारखं वाटेल. २०२२ च्या दिवाळीआधीची गोष्ट. फडके रोडवर खरेदीची गर्दी, गाळ्यातही गर्दी. एका सूनबाईंना कमोडची खुर्ची हवी होती. मी रांगेतली पुढची उचलून दिली. एका पायाचा रबरी बूट नव्हता, मी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी आजी त्या खुर्चीवर बसताना ओल्या फरशीवर खुर्ची सरकली. आजी वाचल्या, कोपर सोलवटलं. सूनबाई शुक्रवारी आल्या, काही न बोलता खुर्ची माझ्या टेबलासमोर उलटी ठेवली आणि उघड्या नळीवर बोट ठेवलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडे एक नटबोल्टकाका आहेत, कारखान्यात फिटर होते, रविवारी येऊन सगळ्या वस्तू तपासतात. त्यांनी मला काही सुनावलं नाही, नियम लावला: गाळ्यातून बाहेर पडणारी प्रत्येक खुर्ची, देणाऱ्याने आधी स्वतः बसून बघायची. मग काय, चारचौघांसमोर मी कमोडच्या खुर्चीवर बसते, डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते. रस्त्यावरून जाणारे बघतात. मैत्रिणीच्या नातवाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. रबरी बूट मी आता पर्समध्ये ठेवते, चार आकारांचे. वॉकरची उंचीसुद्धा मी माणूस समोर असेल तर तिथेच लावून देते: उभं राहून हात सैल सोडले की मनगट जिथे येतं तिथे मूठ हवी. निम्म्या घरांत वॉकर उंच ठेवलेला असतो आणि म्हातारं माणूस खांदे वर करून, लटकल्यासारखं चालत असतं.

डोंबिवलीचा खरा प्रश्न मात्र जिने. तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती, वळणावर एक माणूस अडकेल एवढी जागा आणि तिसऱ्या मजल्यावर पंच्याऐंशीचे आजोबा. फाउलर बेड (फाउलर हे एका अमेरिकन सर्जनचं नाव, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं कंपनी आहे) सुटा होतो, डोक्याकडची आणि पायाकडची चौकट वेगळी, पण मधला सांगाडा सुटत नाही. त्यासाठी आमची पोरं आहेत. शेजारच्या गणेशोत्सव मंडळाची. दहा दिवस त्यांच्या डीजेबद्दल मी त्यांच्याशी भांडते आणि उरलेले दिवस त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. त्यांचं तंत्र ठरलेलं आहे: सांगाडा उभा करायचा, सगळ्यात उंच मुलगा खाली, वळणावर कठड्याच्या वरून काढायचा, आणि सगळ्यात बारकं पोर पुढे पळत जाऊन प्रत्येक दारासमोरच्या चपला आणि तुळशीच्या कुंड्या हलवतं. वर पोचलं की ते बेड जोडतात, त्यातला एक जण आडवा पडून हँडल फिरवायला लावतो, आजोबा बघत असतात. मोबदला वडापाव आणि चहा. हमालाने हे काम हजारात केलं असतं, आणि केलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं नसतं.

लोक देतात काय काय, हा एक वेगळाच विषय आहे. निम्म्या कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, मुदत संपलेली सिरपं, जुने एक्स-रे, कवळी (हो, कवळी). औषधं आम्ही घेत नाही, हे पाटीवर मोठ्या अक्षरात आहे. लोक पाटीखाली पिशवी ठेवून जातात. आपल्या घरातली अडगळ निघाली याचा आनंद आणि पुण्य, दोन्ही एकाच फेरीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा इथे एका शाळेच्या हॉलमध्ये कपडे गोळा होत होते, मी रविवारी वर्गवारी करायला गेले होते. जरीच्या साड्या, कोट, एक शेरवानी. माझी बहीण सांगलीत, तिच्या घरात कमरेएवढा चिखल. तिला अभिमानाने फोन करून सांगितलं, तर म्हणाली, “साड्या पुरेत गं. खराटे पाठव. फिनेल पाठव. आणि आतले कपडे, नवे.” त्या हॉलमध्ये खराटा एकच होता, हॉल झाडायचा.

२०२१ च्या एप्रिलबद्दल मी आतापर्यंत लिहिलं नव्हतं.

केंद्राकडे तेव्हा पाच लिटरचे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होते, दमेकऱ्यांसाठी घेतलेले. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे मशीन हवेतला नायट्रोजन अडवतं आणि नळीतून नव्वद टक्क्यांच्या पुढचा ऑक्सिजन देतं. पण मिनिटाला पाच लिटरच. ज्याला जास्त लागतोय त्याला ते पुरत नाही, आणि त्या दिवसांत फोन करणाऱ्यांना बहुतेक जास्तच लागत होता. फोन दिवसाला शंभर, मशीन दोन. मग एका कुटुंबाने स्वतःचं आणून दिलं, एका कारखानदाराने चार दिली, सात झाली. तरी सातच.

देण्याचा निर्णय मी घेत नव्हते. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर फोनवरून ठरवायचे. ऑक्सिमीटरचा आकडा, वय, दवाखान्यात खाट मिळतेय का, एवढं विचारून ते सांगायचे, “द्या,” नाहीतर “याला यातून होणार नाही, खाटच शोधा.” ते दुसरं वाक्य पलीकडच्याला सांगायचं काम माझं. म्हणजे नाही म्हणायचं, आणि नाही म्हणून फोन ठेवून द्यायचा नाही.

मग मी आणि एक्स्चेंजमधल्या माझ्या दोन जुन्या मैत्रिणींनी मिळून एक काम सुरू केलं. व्हॉट्सॲपवर खाटांचे, सिलिंडरचे, रुग्णवाहिकांचे नंबर फिरत होते. लोक रात्रभर ते लावत बसायचे आणि निम्मे बंद. आम्ही तिघी सकाळी सहापासून ते नंबर तपासायचो. फोन लागला का, उचलला का, आत्ता काय शिल्लक आहे, किती वाजता विचारलं. पहिल्या दिवशी साठ नंबर लावले, अकरा ठिकाणी माणूस भेटलं, तीन ठिकाणी उपयोगाचं काही होतं. ते तीन नंबर वेळ घालून पुढे पाठवायचे, दोन तासांनी पुन्हा तपासायचे. १९७ वर बसून जे काम आम्हाला कंटाळवाणं वाटायचं तेच. मी डोंबिवलीत, एक मैत्रीण बदलापूरला, एक मुलीकडे नाशिकला. तिघींनी सहा आठवडे हे केलं. त्यातून कोणाला खाट मिळाली, कोणाला नाही, आम्हाला कळायचं नाही. नंबर घेऊन लोक गेले की गेले. दोन मुलगे नंतर गाळ्यात येऊन भेटून गेले. एक पेढे घेऊन आला होता, एक नुसताच आला होता.

त्या मशीनच्या ओळींपुढेही रजिस्टरमध्ये ‘परत’ एवढंच आहे. मे महिन्यात एका दिवशी चार मशीन परत आली. तेव्हा काकांनी खोडलेल्या रकान्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

मशीन परत यायला लागली तसे फोटोवालेही आले. एका पुढाऱ्याची माणसं म्हणाली, मशीनवर साहेबांचं स्टिकर लावा, आणखी दोन देतो. काका म्हणाले, स्टिकर मशीनच्या खालच्या बाजूला लावू. ती दोन मशीन आली नाहीत. मला वाईट वाटलं होतं, खरं सांगते. मी असते तर लावलं असतं स्टिकर.

काउंटरवर वस्तूंपेक्षा माहितीच जास्त मागतात लोक. आमच्यात कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून आहेत, त्यांना याचं व्यसन आहे. एक रिक्षावाला व्हीलचेअर न्यायला आला होता, बायकोच्या ऑपरेशनचं बिल कसं भरायचं या विचारात. या गृहस्थांनी त्याला बसवून सांगितलं: धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते, उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशापासून ही योजना आहे. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, बिल झाल्यावर नको. रिक्षावाला म्हणाला, “हे तिथे कोणी बोललं नाही.” आमचे कारकून म्हणाले, “तिथे विचारावं लागतं.” मग त्याच्याबरोबर स्वतः गेले, कारण नुसतं विचारून होत नाही हेही त्यांना माहीत आहे. तीन फेऱ्या झाल्या. बिल निम्मं झालं.

काकांनी आता येणं बंद केलंय. गुडघे. आमचाच वॉकर नेलाय, पन्नास रुपये महिना, डिपॉझिट पाचशे. मी माफ करायला निघाले तर पावतीपुस्तकच हातातून काढून घेतलं आणि स्वतः लिहिली. एक तारखेला नातवाबरोबर भाडं पाठवतात.

गेल्या शुक्रवारी सात नंबरचा बेड परत आला. मार्चमध्ये ज्याने नेला होता तो मुलगा, तोच जो आवाज खाली करून विचारत होता. यावेळी त्याने काही विचारलं नाही, मीही नाही. दोन्ही चौकटी, सांगाडा, गादी, गादीचं धुतलेलं रेक्झिनचं कव्हर. मी मोजत होते. “हँडल?” सात नंबर जुना आहे, त्याचं हँडल सुटं आहे. त्याने कपाळाला हात लावला. “घरीच राहिलं.”

नेमका पुढचा माणूस आलेला होता, टेम्पो घेऊन, कोपरहून, वडिलांना दवाखान्यातून त्याच रात्री सोडणार होते. हँडलशिवाय बेड नेऊन उपयोग नाही. मी म्हटलं, उद्या न्या. पण पहिला मुलगा रिक्षात बसून गेलाही होता. वीस मिनिटांनी आला, पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन. मी डिपॉझिटचे पैसे ड्रॉवरमधून काढत होते. त्याने माझ्याकडे न बघता हँडल त्या दुसऱ्या माणसाच्या हातात दिलं.

“हे अडकतं,” तो म्हणाला. “आधी अर्धा फेरा उलटा फिरवायचा, मग चढवायचं. आणि जेवायला बसवताना एकदम वर नका घेऊ, चक्कर येते त्यांना.”

दुसऱ्याने हँडल उलटंसुलटं करून बघितलं, खिशातून पेन काढलं आणि पावतीच्या मागे लिहून घेतलं: अर्धा फेरा उलटा.

मी बेड टेम्पोत चढवायला पोरांना हाक मारली.